कोल्हापुरात जुन्या खिडक्या बदलताना: आधी ऊन अडवा, मग काच निवडा

एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला पश्चिमेच्या खोलीत जा आणि खिडकीच्या गजाला हात लावून बघा. चटका बसतो. पंखा गरम हवाच फिरवत असतो आणि रात्री अकरापर्यंत त्या खोलीत झोपवत नाही. मग खिडक्या बदलायचं ठरतं, आणि दुकानात गेलं की पहिली शिफारस होते डबल काचेची, म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेल्या दोन काचांची. डबल काच वाईट नाही. पण ती मुळात थंड मुलुखातला उपाय आहे, जिथे आतली ऊब सहा महिने धरून ठेवायची असते. कोल्हापुरातली अडचण उलटी आहे. इथे घर तापतं ते काचेतून थेट आत येणाऱ्या उन्हाने.

हिशेब मांडून बघू. चार बाय चार फुटांच्या खिडकीत चौकट आणि पल्ल्यांची जाडी वजा जाता काच उरते सुमारे १.१ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते, म्हणजे पाचशेच्या वर वॅट. अर्ध्या किलोवॅटचा हीटर खोलीत चालू ठेवल्यासारखंच हे झालं. आता बाहेर ३८ आणि आत २८ अंश असताना केवळ हवेच्या तापमानातल्या फरकामुळे त्याच काचेतून किती उष्णता येते? जेमतेम ६०-६५ वॅट. साधी डबल काच या ६५ चे ३० करते आणि उन्हातूनही ६०-७० वॅट कापते. मिळून झाले शंभर. ऊन अडवणारी एकेरी काच अडीचशेच्या आसपास कापते, आणि खिडकीबाहेर लावलेली बांबूची चीक त्याहूनही जास्त.

म्हणून क्रम असा ठेवा: बाहेरची सावली, फटी बुजवणं, खिडकी जास्तीत जास्त उघडेल अशी सोय, मग काच. डबल काच सगळ्यात शेवटी, आणि तीही एखाद्या खोलीपुरती.

बिलाबद्दलही सरळ बोलायला हवं. पाचशे वॅट उष्णता बाहेर फेकायला बऱ्यापैकी एसीला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते. रोज चार तास आणि उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर एका पश्चिमेच्या खिडकीमागे पन्नास-पंचावन्न युनिट होतात. केवळ या बचतीतून नव्या खिडकीचे पैसे लवकर वसूल होत नाहीत, तसं सांगणाऱ्या विक्रेत्याला हाच हिशेब कागदावर मांडायला सांगा. खरा फायदा असा की एसी घ्यावाच लागत नाही, किंवा दीड टनाऐवजी एक टनात भागतं. आणि वरच्या मजल्यावर उघडा स्लॅब असेल तर खिडक्यांना हात लावण्याआधी गच्चीचं बघा. पांढरा उष्णतारोधक थर किंवा चायना मोझॅक खिडकीपेक्षा जास्त गुण देतो.

दिशा ओळखा

प्रत्येक खिडकीची दिशा, माप आणि ऊन पडण्याची वेळ एका कागदावर लिहा. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे, फक्त लोखंडी ग्रीलपासून दोन हात लांब उभं राहून बघा.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य कोल्हापुरात बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. मार्चमध्ये तो दक्षिणेला असला तरी इतका वर असतो, की दीड फुटी छज्जा जवळजवळ पाच फूट खाली सावली टाकतो. त्यामुळे छज्जा असलेली दक्षिणेची खिडकी तापमानासाठी बदलण्याची गरज नसते. थंडीत तिच्यातून येणारं ऊन तर हवंहवंसं. उत्तरेच्या खिडक्या निर्धास्त सोडा. पूर्वेच्या खिडक्यांतून सकाळी ऊन येतं, पण संध्याकाळपर्यंत खोली निवते.

सगळी मेख पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जासुद्धा तेव्हा खिडकीचा वरचा सव्वा फूटच झाकतो, खालचे पावणेतीन फूट उन्हात. छज्जा वाढवून हे सुटत नाही. खिडकीसमोर उभा पडदाच हवा: बांबूची चीक, अॅल्युमिनियमच्या तिरक्या पट्ट्या, किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं ७५ टक्क्यांचं शेडनेट. तो भिंतीपासून सहा इंच ते एक फूट पुढे लावा, म्हणजे मागची तापलेली हवा वरून निघून जाते. खाली दोन्ही कोपऱ्यांना दोरी बांधायला कड्या ठेवा, नाहीतर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात चीक शेजारच्या अंगणात सापडेल. आतला जाड पडदा एवढं काम करत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं आणि पडदाच तापून खोली तापवतो.

पावसाळ्यातला झोडपाही पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येतो. त्यामुळे खर्च मोजका असेल तर सगळ्या घरात मध्यम माल बसवण्यापेक्षा पश्चिमेच्या दोन-तीन खिडक्या उत्तम करा.

बदलायची की दुरुस्त करायची

पेठांमधल्या जुन्या घरांतल्या सागवानी खिडक्या काढण्याची घाई करू नका. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक नुसतं ओरखडा काढून थांबलं तर लाकूड धड आहे. पाच मिलिमीटरहून आत गेलं आणि भुसा निघाला तर तेवढा भाग कुजलाय किंवा वाळवीने खाल्लाय. बहुतेक वेळा पल्ल्याची खालची आडवी पट्टीच खराब झालेली असते आणि चांगला सुतार तेवढीच नव्याने सांधून देतो. वाळून तडकलेली लांबी (काचेभोवतीची पुट्टी) खरवडून तावदानं पुन्हा बसवा आणि पल्ला जिथे चौकटीला टेकतो तिथे रबरी ईपीडीएम पट्टी फिरवा. पट्टी कुठे लागेल हे कळण्यासाठी कागदाचा कपटा पल्ल्यात धरून खिडकी लावा. कपटा सहज ओढला गेला तर तिथून हवा, धूळ आणि पाणी तिन्ही येतात. या दुरुस्तीला नव्या खिडकीच्या मानाने फार कमी खर्च येतो.

बदलायलाच हव्यात अशा खिडक्या साधारण तीन. १९७०-९० च्या काळातल्या बंगल्यांतल्या झेड-सेक्शनच्या (इंग्रजी Z आकाराच्या पट्टीच्या) लोखंडी खिडक्या, ज्यांचा खालचा भाग गंजून फुगलाय आणि पल्ला मुरडलाय. आतली सळी गंजून तडकलेल्या सिमेंटच्या चौकटी. आणि पंचगंगेच्या काठाकडच्या भागात २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत बुडालेल्या लाकडी चौकटी, ज्या वरून रंगवलेल्या दिसतात पण टिचकी मारली की पोकळ वाजतात.

आणि एक. सागवान काढायचंच ठरलं तर त्याची किंमत वेगळी ठरवा. ‘जुना माल आम्ही फुकट उचलून नेतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण जुन्या सागाला बाजारात चांगला भाव आहे.

उघडण्याची पद्धत

इथे सर्रास एक चूक होते. बिजागरीच्या जुन्या खिडकीचे दोन्ही पल्ले उघडले की पूर्ण जागा मोकळी होते. त्या जागी दोन पल्ल्यांची सरकती खिडकी बसवली की कायम अर्धीच उघडते. कोल्हापूरच्या उन्हाळ्यातली रात्र अजूनही बऱ्यापैकी गार असते. ती गार हवा आत घेऊन भिंती निववणं हा सगळ्यात स्वस्त एसी आहे, आणि नवी महागडी खिडकी नेमकी तीच वाट अर्धी बंद करते. तीन ट्रॅक आणि तीन काचपल्ले घेतले तर दोन तृतीयांश उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते, शिवाय बंद केल्यावर रबरावर दाबून बसते, त्यामुळे पाऊस आणि धूळ अडवण्यातही ती सरस. जागेची अडचण नसेल तर बिजागरीचीच घ्या.

निवासी इमारतींसाठीच्या इको-निवास संहिता २०१८ मध्ये उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ जमिनीच्या तुलनेत किती असावं हे दिलंय: समशीतोष्ण हवामानात किमान १२.५ टक्के, उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के. दहा बाय बाराच्या खोलीला दुसऱ्या हिशेबाने वीस चौरस फूट उघडी जागा हवी. तुमच्या खोलीचं गणित करून बघा, सरकत्या खिडकीने ते बहुधा बिघडतं.

ग्रीलचा निर्णय माप घेण्याआधी करा. बाहेर उघडणारा पल्ला असेल तर ग्रील आतून, सरकती असेल तर बाहेरून. वरच्या मजल्यावर बाहेर ग्रील आणि मध्ये न उघडणारी काच अशी रचना केली तर काचेची बाहेरची बाजू पुढे कधीच पुसता येत नाही. आणि प्रत्येक मजल्यावर एक तरी ग्रील आतून कुलूप काढून उघडेल असं करा. आग लागली तर तीच वाट.

चौकट आणि काच

यूपीव्हीसी हे कडक प्लास्टिक उष्णता कमी वाहून नेतं, कोपरे वितळवून जोडलेले असतात, पाण्याने फुगत नाही. आतमध्ये गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का आणि किती जाडीची, हे कापलेला नमुना हातात घेऊन बघा. पट्टी नसलेली सहा फुटी चौकट उन्हात वाकते आणि मग कडी जुळत नाही. अॅल्युमिनियम सडपातळ आणि टिकाऊ असतं, तापतं जास्त, पण चौकटीचं क्षेत्रफळच कमी असल्याने आपल्याकडे त्याने फार बिघडत नाही. पातळ, हाताने दाबल्यावर दबणारं सेक्शन मात्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

काच घेताना दोन आकडे विचारा. एक, उन्हाच्या उष्णतेतला किती हिस्सा आत येतो. विक्रेते याला एसएचजीसी म्हणतात. दुसरा, उजेड किती टक्के येतो. सहा मिमी साध्या काचेचा पहिला आकडा ०.८ च्या आसपास असतो. पश्चिमेला तो ०.४ किंवा कमी, आणि उजेड निदान ३५-४० टक्के, असं जमवा. फार गडद काच घेतली तर दिवसा दिवे लावावे लागतात. रंगीत काच स्वतः उष्णता शोषून तापते. तिच्या अर्ध्या भागावर सावली आणि अर्ध्यावर ऊन पडलं की टफन (तापवून मजबूत) न केलेली काच कडेपासून तडकते. म्हणून उन्हाकडची रंगीत काच टफनच हवी. टफन काचेच्या कोपऱ्यात कायमचा छापलेला शिक्का असतो, त्यात आयएस २५५३ हा क्रमांक शोधा. टफन केल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं की काच वाया.

रस्त्याच्या आवाजाचा त्रास असेल तर दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच बघा. डबल काच रोज बरेच तास एसी चालणाऱ्या, पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला शोभते. तिथेही ५-१२-५ (पाच मिमी काच, १२ मिमी पोकळी, पाच मिमी काच) अशी घ्या आणि बाहेरची काच ऊन अडवणारी असू द्या. दोन काचांमधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. कडेचं सील सुटलं की आत धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. या धुक्याची हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या.

माप

जुन्या घरात कुठलीही खिडकी गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, नसते. रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे, अशी सहा मापं मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हीकडचं सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा, म्हणजे चारी बाजूंना पाच-पाच मिमी फट राहते. यूपीव्हीसी तापल्यावर दीड मीटरला तीनेक मिमी वाढतं, त्यासाठी ही जागा हवीच. मग कर्ण मोजा. दोन कर्णांत सहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी गवंड्याकडून गिलावा सरळ करून घ्या. तिरकी भोकं फोमने भरून काढण्याचा उद्योग दोन पावसाळ्यांत उघडा पडतो.

खालच्या ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि ती भिंतीच्या पुढे इंच-दीड इंच येऊन तिच्या खालून पाणी तुटण्यासाठी बारीक खाच हवी. ही खाच नसली की पाणी पट्टीच्या पोटाखालून परत भिंतीत शिरतं आणि दोष खिडकीवर येतो.

कोटेशन मागताना प्रोफाइलचं नाव आणि आकार, आतल्या लोखंडाची जाडी, काचेचा प्रकार आणि जाडी, जाळी, कड्या, बसवणी, जुन्या खिडकीची काढणी, गिलावा दुरुस्ती आणि कर, प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घ्या. काचेचं बिल बऱ्याचदा प्रत्यक्ष मापावर नाही, पुढच्या तीन किंवा सहा इंचांच्या पटीत करतात, हेही आधी विचारा. शक्य असेल तर दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखून ठेवा.

काम जानेवारी ते मार्चमध्ये उरका. एप्रिलच्या मध्यानंतर वळीव कधीही येतो, आणि भिंतीला भोक असताना तो आला तर गिलावा, गाद्या आणि वायरिंग तिन्ही भिजतात.

जुनी खिडकी काढताना

आधी पल्ले, मग ग्रील, शेवटी चौकट. चौकट भिंतीत होल्डफास्टने (गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) धरलेली असते, बहुतेक दोन्ही बाजूंना तीन-तीन. घण मारून उपटू नका. उभ्या खांबाला मध्यावर करवतीने काप द्या, आत ओढून सोडवा आणि होल्डफास्ट ग्राइंडरने भिंतीशी कापा.

पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीत इथे जपून. वरची लाकडी पट्टी कुजली असेल तर वरच्या भिंतीचा भार प्रत्यक्षात जुनी चौकटच पेलत असते. वरच्या गिलाव्याला तिरके तडे दिसत असतील किंवा पल्ला वरून घासत असेल तर टेकू लावल्याशिवाय आणि जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय चौकट हलवू नका. अशा भिंतीत स्क्रूही धरत नाही. कडेने तीन-चार इंचांची काँक्रीटची पट्टी ओतून, ती पुरेशी पिकल्यावर, तिच्यात खिडकी बसवा.

बसवताना

नवी चौकट पाचरींवर ठेवून लेव्हल आणि ओळंबा दोन्ही जुळवा, कर्ण पुन्हा मोजा. स्क्रू कोपऱ्यापासून १५०-२०० मिमीवर आणि पुढे ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर न ठेवता. खालच्या ट्रॅकमध्ये, जिथून पाणी वाहतं तिथे भोक पाडायची वेळ आली तर स्क्रूचं डोकं सिलिकॉनने पूर्ण बंद करा. खालून गळणाऱ्या कितीतरी खिडक्यांचं मूळ या एका भोकात असतं.

फट भरायला पीयू फोम, म्हणजे डब्यातून फवारायचा फुगणारा फेस. फट थोडी ओली करून निम्म्याहून जराशी जास्तच भरा, तो फुगतो. ठासून भरला तर चौकट आत दाबली जाते आणि पल्ले अडकतात. यूपीव्हीसीभोवती फटीत सिमेंट भरू देऊ नका, त्याने वाढायची जागाच जाते. गवंडी सवयीने भरतो, म्हणून त्या वेळी तिथे हजर राहा. फोम उन्हात भुगा होतो. तो वाळल्यावर कापून, फटीत फोमची गोल दोरी दाबून, वर न्यूट्रल सिलिकॉन मारा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर नीट चिकटत नाही आणि धातूला खातं. भिंत ओली असताना तर कुठलंच चिकटत नाही.

बिजागरीच्या पल्ल्यात काच बसवताना तिला टेकू देणारे पॅकर (प्लास्टिकचे छोटे तुकडे) बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यात हवेत, म्हणजे काच तिरक्या टेकूसारखी पल्ल्याला उचलून धरते. हे चुकलं की सहा महिन्यांत पल्ला खाली येतो.

सरकत्या खिडकीत आतल्या बाजूच्या ट्रॅकची उंची स्वतः मोजा. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे २४ मिमी उंच पाणी तोलून धरतो. त्यामुळे वीस मिमी उंचीच्या ट्रॅकमधलं पाणी वादळात बाहेर जाण्याऐवजी आत उडतं. पश्चिमेला निदान ३५-४० मिमी हवी. बाहेरच्या बाजूला खाली पाणी जाण्याच्या खाचा असतात. बसवणारे ‘गळू नये’ म्हणून त्या सिलिकॉनने बुजवतात आणि खिडकी त्यामुळेच गळते.

पैसे देण्याआधी

नळीने पाणी मारा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर या, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं. आधीच वरून मारलं तर कुठून गळतंय ते कळत नाही. मग सगळ्या खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करा आणि पेटवलेली उदबत्ती कडेकडेने फिरवा. धूर जिथे आत वळेल तिथे रबर नीट बसलेलं नाही. पण घरात गॅस गीझर असेल तर ही परीक्षा तो बंद ठेवूनच करा. खिडक्या घट्ट झाल्यावर बाथरूममधल्या गॅस गीझरला ताजी हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो. तो बाहेर हलवा किंवा इलेक्ट्रिक बसवा.

पुढे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडक्या आणि चीक बंद, सूर्य मावळल्यावर सगळं सताड उघडं. उसाचा पाला जळायच्या दिवसांत उडणारी काजळी ट्रॅकमध्ये साचून खाचा बंद करते. मे अखेरीला जुन्या दातब्रशने ट्रॅक घासा, तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या खाचेतून धार धरून पडतंय का ते बघा.